कॉम्बी की कंडेन्सिंग? म्हणजे नऊवारी की रेशमी?

ऑक्टोबर उजाडला की इंग्लंडमध्ये जुनं घर घेतलेल्या आपल्या मंडळींचे फोन सुरू होतात, घर आणि पाणी तापवणाऱ्या गॅस बॉयलरबद्दल : "बॉयलर बदलायचाय. कॉम्बी घेऊ की कंडेन्सिंग?" साडी नऊवारी घेऊ की रेशमी, असं दुकानात कुणी विचारत नाही, कारण नऊवारी रेशमी असू शकते हे सगळ्यांना ठाऊक असतं. इथेही तसंच आहे. नळाला गरम पाणी कुठून येतं ते 'कॉम्बी' सांगतो. धुराबरोबर जाणाऱ्या उष्णतेचं काय होतं ते 'कंडेन्सिंग' सांगतो. एकच बॉयलर दोन्ही असू शकतो, आणि आज बसतात ते बहुतेक असतातच.

कॉम्बी तुमच्या ओळखीचा आहे. आपला इन्स्टंट गीझरच तो, फक्त खोल्या उबदार ठेवणारे रेडिएटरही तापवतो. टाकी नाही, पाणी तापायची वाट पाहणं नाही. मर्यादाही गीझरचीच. २४ किलोवॅटचा कॉम्बी पाणी ३५ अंशांनी तापवून मिनिटाला साधारण १० लिटर देतो. दोन शॉवर एकदम लावले की दोघंही कुडकुडतात. सकाळी दोन बाथरूम एकाच वेळी चालणाऱ्या घरात मी गरम पाण्याचा सिलिंडर, म्हणजे साठवणीची टाकी, काढू देत नाही.

आता कंडेन्सिंग. गॅस जळला की वाफ तयार होते. जुना बॉयलर ती धुराबरोबर बाहेर सोडून देतो. कंडेन्सिंग बॉयलर धूर इतका थंड करतो की वाफेचं पाणी होतं आणि तिच्यातली उष्णता घराला मिळते. इंग्लंड-वेल्समध्ये १ एप्रिल २००५ पासून, मोजके अपवाद सोडले तर, नवा गॅस बॉयलर कंडेन्सिंगच बसवावा लागतो. त्यामुळे "कंडेन्सिंग आहे म्हणून महाग" असं कुणी सांगू लागलं तर ऐकून घेऊ नका.

खरी गोम पुढे आहे. खोक्यावर कंडेन्सिंग लिहिलंय एवढ्याने वाफेचं पाणी होत नाही. धूर थंड होतो तो रेडिएटरमधून परत येणाऱ्या पाण्याने. ते साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच काम सुरू होतं, आणि जितकं गार तितकं चांगलं. बॉयलर ८० वर ठेवला, म्हणजे रेडिएटरकडे जाणारं पाणी ८० अंशांचं, तर परतीचं पाणीच साठाच्या वर असतं; मग वाफ जुन्या बॉयलरसारखीच बाहेर. बसवणारे कितीदा तरी तो तसाच ठेवून जातात, याची मला मनापासून चीड येते.

लेस्टरला एका मित्राकडे गेलो होतो. नवा बॉयलर घेऊनही बिल फारसं उतरलं नाही म्हणून तो वैतागला होता. पडद्यावर आकडा ८०. परतीच्या पाइपवर हात ठेववेना. जमलेलं पाणी जिच्यातून वाहून जायचं ती बॉयलरखालची प्लॅस्टिकची नळी जवळजवळ गप्प. रेडिएटरचं चित्र असलेलं बटण फिरवून ५५ वर आणलं. चहा पिऊन होईपर्यंत नळीत गुडगुड ऐकू आली, आणि मग दर काही मिनिटांनी येत राहिली.

खोली तापायला वेळ जास्त लागतो, हे खरं. अर्धा तास आधी चालू करा. कडाक्याच्या थंडीत पुरत नसेल तर ६०-६५ करा. भिंतीवरचा थर्मोस्टॅट २० वरून १८ केला म्हणजे हे झालं असं मात्र समजू नका. तो खोलीचं तापमान ठरवतो, रेडिएटरमधल्या पाण्याचं नाही. सिलिंडर असेल तर त्यातलं पाणी लिजिओनेला जिवाणूच्या भीतीने ६० पर्यंत तापायलाच हवं, म्हणून तिथे बॉयलर ६५ च्या खाली नको. आणि ती नळी घराबाहेरून जात असेल तर जाड आणि वेष्टण घातलेली घ्या, नाहीतर थंडीत गोठते आणि बॉयलर बंद पडतो.

बसवणारा 'गॅस सेफ' या गॅसचं काम करणाऱ्यांच्या अधिकृत यादीत नोंदलेला असायलाच हवा. तो हत्यारं आवरायला लागला की विचारा, फ्लो टेंपरेचर, म्हणजे रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान, किती ठेवलंय, आणि तो जायच्या आत त्याच्याकडूनच खाली आणून घ्या.