ढाक्याच्या विणकरांचे अंगठे खरंच इंग्रजांनी तोडले होते?

मलमल विणता येऊ नये म्हणून इंग्रजांनी ढाक्याच्या विणकरांचे अंगठे तोडले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिला आधार सापडत नाही. ईस्ट इंडिया कंपनीला तर कापड हवं होतं. विणणारा हात तोडून तिला काय मिळणार?

मूळ नोंद आहे १७७२ ची, कंपनीच्याच एका माजी नोकराची, विल्यम बोल्ट्सची. ती विणकरांची नाही, बंगालमधल्या कच्चं रेशीम गुंडाळणाऱ्या कारागिरांची आहे. सक्तीचं काम टाळायला त्यांच्यातल्या काहींनी स्वतःचेच अंगठे कापून घेतले, असं तो लिहितो. मला ही नोंद दंतकथेपेक्षा जास्त हादरवते. विणकरांचे हालही कमी नव्हते: उचल बळजबरीने गळ्यात मारायची, भाव कंपनीच्या गुमास्त्याने पाडायचा, माल दुसऱ्याला विकला तर फटके.

मलमल बुडाली ती ब्रिटनमधल्या जबर आयातशुल्कामुळे, गिरणीच्या स्वस्त कापडामुळे आणि दरबारी गिऱ्हाईक आटल्यामुळे. जिच्या सुतातून ही मलमल विणली जायची, ती मेघना नदीकाठची फुटी कापसाची जातही गेली.

विणकर मात्र उरले. फाळणीनंतर पूर्व बंगालमधल्या टांगाईलचे बसाक समाजाचे विणकर पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यातल्या फुलियाला आले, आणि तिथले हातमाग आजही चालू आहेत.