सांगलीच्या पिनकोडाची श्रीमंती

कोल्हापुरात ताराबाई पार्कचा पिनकोड ४१६००३, राजारामपुरीचा ४१६००८. शेजारच्या सांगलीचा ४१६४१६. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाले, ते पत्रं बिनचूक पोचावीत म्हणून. तिथे गणिताचा विचार नव्हता. पण संख्या लिहिली की तिचे गुणही सोबत येतात, आणि त्या बाबतीत सांगलीचा हात धरणारं आपल्याकडे कुणी नाही, हे मी कोल्हापूरकर असूनही सांगतो.

तीन अंकी संख्या लागोपाठ दोनदा लिहिली की ती आपोआप १००१ पट होते. ४१६ हजार अधिक ४१६, म्हणजे ४१६ गुणिले १००१. आता १००१ म्हणजे ७ × ११ × १३. त्यामुळे ४१६४१६ ला या तिघांनीही पूर्ण भाग जातो. शिवाय ४१६ म्हणजे ३२ × १३. सगळं फोडलं तर २ पाच वेळा, १३ दोन वेळा, ७ आणि ११ एकेकदा. विभाजक बनवताना २ शून्य ते पाच वेळा घेता येतो, म्हणजे सहा पर्याय. १३ चे तीन, ७ चे दोन, ११ चे दोन. ६ × ३ × २ × २ = ७२ विभाजक! या आकाराच्या संख्यांना सरासरी चौदाच्या आसपास असतात. आपल्या कोल्हापूरच्या ४१६००१ ला तर आठच, कारण ती ३ × २३ × ६०२९ आहे आणि ६०२९ मूळ संख्या असल्याने पुढे फुटत नाही.

याच १००१ मुळे ७, ११, १३ ने भाग जातो का हे ओळखायची एक सुरेख कसोटी मिळते. सहा अंकी संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन भाग करा आणि वजाबाकी करा. ताराबाई पार्क: ४१६ − ००३ = ४१३. याला ७ ने भाग जातो, ११ आणि १३ ने जात नाही. ४१६००३ चंही नेमकं तेच. खरंच, ४१६००३ = ७ × ६७ × ८८७. राजारामपुरीची वजाबाकी ४०८, तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही. कागदसुद्धा लागत नाही.

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) अशाच संख्यांत रमायचे. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटलं. ४१६४१६ ची बेरीज २२, भागाकार १८९२८. सांगली इथेही बसते. ४१६००१ ते ४१६०१२ मधल्या बारापैकी एकही संख्या हर्षद नाही, मी एकेक करून पाहिली. जिल्ह्याची लाज राखली ती गडहिंग्लजने: ४१६५०२, बेरीज १८, भागाकार बरोबर २३१३९.