मऊ स्प्रिंगने वजन मागे जातं का?

लासलगाव किंवा पिंपळगावच्या रस्त्यावर कांद्याने भरलेल्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर तुम्ही पाहिले असतील. चढावर चालक क्लच सोडतो आणि ट्रॅक्टरचं नाक हलकं होतं, कधी कधी पुढची चाकं वीतभर वर येतात. म्हणून तर पुढच्या बंपरवर लोखंडी वजनं लावतात. आता एक गोष्ट नीट पाहा. नेहमीच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या ॲक्सलला स्प्रिंगच नसते.

हे आठवायचं कारण म्हणजे नाशिकच्या अंबडला मित्राच्या गॅरेजमध्ये झालेला वाद. तिथे ड्रॅग रेससाठी एक जड, मागच्या चाकांवर चालणारी गाडी तयार होते आहे. सरळ रस्ता, 402 मीटर, जो आधी पोहोचेल तो जिंकला. पुढे कोणती स्प्रिंग टाकायची यावर सगळ्यांचं एकच मत होतं, "जेवढी मऊ, तेवढं वजन मागे जास्त." यातला पहिला अर्धा भाग बराचसा बरोबर आहे. दुसरा जवळजवळ चूक आहे, आणि तो चूक का आहे हे समजलं की स्प्रिंग निवडणं खूप सोपं होतं.

गाडी पुढे झेपावते तेव्हा वस्तुमान कुठेही सरकत नाही. इंजिन जागेवरच असतं. बदलतो तो चारही टायरांवरचा भार. ढकलणारं बल टायर जमिनीला टेकतो तिथे, म्हणजे खाली लागतं, आणि गाडीचा गुरुत्वमध्य त्याच्या वर असतो. त्यामुळे गाडी मागे कलंडू पाहते. मागे किती भार जाणार हे ठरवणाऱ्या गोष्टी चारच: गाडीचं वजन, त्वरण, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन ॲक्सलमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस. पहिल्या तिघांचा गुणाकार करायचा आणि व्हीलबेसने भागायचं. या सूत्रात स्प्रिंग कुठेच नाही. बिनस्प्रिंगच्या ट्रॅक्टरचं नाक उचललं जातं ते याच हिशोबाने, फक्त तिथे ट्रॉलीच्या ओढीचीही भर पडते.

आकडे घालू. गाडी 1600 किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर, व्हीलबेस 2.75 मीटर, त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या 0.8 पट. मागे जाणारा भार आला सुमारे 233 किलो, म्हणजे पुढच्या प्रत्येक चाकावरून 116 किलो कमी.

मग मऊ स्प्रिंग करते काय? नाक जास्त उचलते. जड इंजिन पुढे असल्यामुळे पुढच्या एका चाकावर गाडीच्या सांगाड्याचा भार समजा 400 किलो आहे. पण स्प्रिंग चाकावर नसते, ती चाकाला गाडीशी जोडणाऱ्या आर्मवर आतल्या बाजूला बसते. चाक 100 मिलिमीटर हललं तर स्प्रिंग 60 हलते असं धरू. तरफेच्या नियमाने स्प्रिंगवर 400 भागिले 0.6, म्हणजे 667 किलो येतात. आणि चाकाला जाणवणारा ताठपणा स्प्रिंगच्या ताठपणाच्या 0.6 पट नाही, तर 0.36 पट असतो, कारण बल आणि अंतर दोन्ही त्याच गुणोत्तराने घटतात. हा 0.6 चा वर्ग विसरला की सगळी निवड फसते. आता 6 किलो प्रति मिलिमीटरची, म्हणजे 6 किलोंना एक मिलिमीटर दबणारी मऊ स्प्रिंग घ्या. चाकाशी ती 2.16 ची होते. 116 किलो उतरल्यावर नाक 54 मिलिमीटर वर येतं. 12 ची कडक स्प्रिंग घेतली तर 27.

नाक वर आलं की गुरुत्वमध्यही थोडा चढतो. मागची बाजू बसली नाही असं धरलं, तरी मऊ स्प्रिंगने तो 30 मिलिमीटर चढेल, कडक स्प्रिंगने 15. पहिल्या सूत्रात घातलं की 233 किलोंमध्ये एकीकडे 14 ची भर पडते, दुसरीकडे 7 ची. फरक 7 किलोंचा! एवढ्यासाठी कुणी स्प्रिंग बदलत नाही.

खरी गंमत पुढे आहे, आणि मला ती फार आवडते. पोती तोलायच्या काट्यावर उकिडवे बसा आणि झटकन उठा. क्षणभर काटा तुमच्या वजनापेक्षा जास्त दाखवतो, कारण शरीराला वर ढकलायला पाय काट्याला खाली दाबतात. गाडीचंही तसंच होतं. क्लच सुटताच मागच्या सस्पेन्शनचे दांडे, त्यांची रचना योग्य असेल तर, सांगाड्याला मागून वर ढकलतात आणि त्याच बळाने टायर रस्त्यावर दाबला जातो. त्या क्षणी पुढची स्प्रिंग मात्र अजून पूर्वीइतकीच दाबलेली असते आणि जुन्याच जोराने नाक वर रेटत असते. चारही टायरांवरच्या भाराची बेरीज गाडीच्या वजनाहून जास्त भरते. नाक वर येत गेलं की पुढचा रेटा कमी होतो. किती वेगाने कमी होतो, इथे स्प्रिंगचा ताठपणा निर्णायक ठरतो. कडक स्प्रिंगचा जोर प्रत्येक मिलिमीटरला 12 किलोंनी घटतो, मऊचा 6 ने. मऊ स्प्रिंग जास्त अंतरापर्यंत, जास्त वेळ रेटत राहते. डॅम्पिंग, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरचा (शॉकॲबचा) उसळी जिरवणारा विरोध, सोडलं तर मऊ स्प्रिंगवर नाक तळापासून माथ्यापर्यंत जायला साधारण 0.43 सेकंद लागतात, कडकवर 0.30. शर्यतीचे पहिले 18 मीटर दीड-दोन सेकंदांत संपतात, तेव्हा हा फरक लहान नाही.

ऊर्जेच्या भाषेत हेच जास्त स्वच्छ दिसतं. रॉबर्ट हुकने 1676 मध्ये आपला नियम अक्षरं उलटसुलट करून छापला आणि 1678 मध्ये उलगडून सांगितला: स्प्रिंग जेवढी ताणाल, तेवढं बल. त्यावरून निघतं की ठरलेला भार पेलणारी स्प्रिंग जितकी मऊ, तितकी ती जास्त ऊर्जा साठवते. 667 किलोंखाली मऊ स्प्रिंग 111 मिलिमीटर दबते आणि 37 किलो वजन एक मीटर उचलण्याइतकी ऊर्जा धरून ठेवते. कडक स्प्रिंग निम्मीच.

म्हणून हवी ती मऊ पण लांब स्प्रिंग, जी बसवल्यावर गाडी त्याच उंचीवर राहील. आपल्या उदाहरणात मोकळी लांबी सुमारे 55 मिलिमीटरने जास्त लागेल. आपल्याकडे गाडी खाली बसवायला स्प्रिंगची वळी कापतात. ड्रॅगसाठी हे उलटं काम आहे. आठ चालू वळ्यांतली एक कापली की ताठपणा 14 टक्के वाढतो आणि लांबीही जाते. तारेच्या जाडीचा परिणाम तर चौथ्या घाताने होतो: 14 मिलिमीटरऐवजी 15 ची तार घेतली तर स्प्रिंग 32 टक्के कडक होते. लाल रंगाची, बाहेरदेशातून आलेली म्हणून कोणतीच स्प्रिंग चांगली होत नाही. गाडी उसळली की बंपरला लिंबू-मिरची बांधतात, तेही थांबायला हवं. लिंबू-मिरचीने टायरखालचा एक किलोही हलत नाही, आणि खरं कारण शोधायचं राहून जातं.

सुरुवात वजनकाट्यावर करावी. बाजार समितीजवळच्या काट्यावर फक्त पुढची चाकं चढवली की पुढच्या ॲक्सलचा आकडा मिळतो. चालक आत बसलेला असावा, टाकीत शर्यतीला लागेल तेवढंच पेट्रोल असावं. मग आर्मचं गुणोत्तर (आपल्या उदाहरणात 0.6) मोजायचं आणि भार व उचल यांची वरची दोन गणितं करायची. आर्म खाली पुरेसा जातो का, हेही बघायचं. 54 मिलिमीटर उचल हवी आणि आर्म 30 वरच अडला, तर मऊ स्प्रिंग वाया. उसळी आवरायचं काम शॉकॲबचं. तो सैल असेल तर नाक माथ्यावर जाऊन परत आपटतं, तेव्हा मागच्या टायरवरचा भार नेमका नको त्या वेळी कमी होतो, आणि शेवटी ब्रेक लावताना पुढचा भाग फार दबतो.

हे सगळं मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं. कॉलेज रोडवर दिसणाऱ्या बहुतेक लहान गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. त्यांच्यात भार ओढणाऱ्या चाकांवरूनच निघून जातो, त्यामुळे पुढे मऊ स्प्रिंग टाकण्याचा हा हिशोब त्यांना लागू होत नाही. मित्राच्या गॅरेजात आता फेंडरला चिकटपट्टी लावली आहे. स्लो-मोशनमध्ये लॉन्चचं, म्हणजे गाडी सुटण्याचं, चित्रण करून पट्टी आणि टायर यांतलं अंतर ते चौकटीगणिक मोजतात. पहिल्या दिवशी नाक 40 मिलिमीटरवर अडकलेलं दिसलं, आणि आर्मचा रबरी स्टॉपर घासून कमी करावा लागला.