नाइफमधला 'के' कुठून आला?

के-एन-आय-एफ-ई, नाइफ. स्पेलिंगं पाठ करणाऱ्या मराठी मुलाला इथे पहिली ठेच लागते. 'तो के सायलेंट असतो, पाठ कर' हे उत्तर मला नेहमीच अपुरं वाटत आलंय, कारण तो के एके काळी खणखणीत बोलला जाई. जुन्या इंग्रजीत सुरीला 'क्नीफ' म्हणत. रात्रीच्या 'नाइट'मधला जी-एचही घशातून घासून उच्चारला जाई. लोकांनी ते उच्चार सोडले, लिहिणं तसंच राहिलं.

१०६६ मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे फ्रेंच वळणाचे लेखनिक इंग्रजी लिहू लागले. सी-डब्ल्यूने लिहिली जाणारी 'क्वीन' क्यू-यूने लिहू लागले ते त्यांच्यामुळे. 'लव्ह'मधला ओसुद्धा त्याच लेखणीतला मानतात. हस्तलिखितात यू, एन, एम, व्ही ही सगळी बुटक्या उभ्या रेघांची अक्षरं. शेजारी-शेजारी आली की वाचणाऱ्याचा गोंधळ उडे, म्हणून यूच्या जागी ओ.

खरी गाठ बसली ती छापखान्यामुळे. विल्यम कॅक्सटनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छापील रूपं हळूहळू पक्की होत गेली आणि नेमके त्याच शतकांत इंग्रजीचे दीर्घ स्वर बदलत होते. 'मून' आधी 'मोन' होता, म्हणून दोन ओ. भेटणं या अर्थाचं 'मीट' होतं 'मेट', म्हणून दोन ई. 'नेम'चा उच्चार तर 'नाम'च्या अगदी जवळचा होता, आणि आपल्या 'नाम'शी त्याचं मुळातलं नातंही आहे! उच्चार पुढे सरकले, छपाईचे खिळे जागेवर राहिले.

काही अक्षरं मात्र इंग्रजीत कधीच बोलली नाहीत. कर्ज या अर्थाचा 'डेट' फ्रेंचमधून आला तेव्हा बी नव्हता. लॅटिन मूळ दिसावं म्हणून विद्वानांनी तो मागाहून घातला. 'आयलंड'मधला एस तर निव्वळ चुकीच्या व्युत्पत्तीतून घुसला.

सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशाने यातलं बरंच कायम केलं. अमेरिकेत कोशकार नोआ वेबस्टरने 'कलर'मधला यू काढला तो टिकला. जिभेच्या 'टंग'चं टी-यू-एन-जी मात्र लोकांनी घेतलं नाही.

म्हणून मुलांना शब्द एकटा देऊ नये, त्याचं गणगोत द्यावं. 'साइन'मध्ये गप्प बसलेला जी 'सिग्नेचर'मध्ये ऐकू येतो. मराठीत आपण 'बॉम्ब'चा शेवटचा बी उच्चारतो; इंग्रजीत तो तिथे मुका असतो, पण 'बॉम्बार्ड'मध्ये स्पष्ट बोलतो.