मशीन न लावताही थांबते दातांची कीड

"दूधना दात शेतस, पडी जातीन!" खानदेशात लहान पोराची दाढ किडली की आजीचं हे उत्तर ठरलेलं. पडणार हे खरं, पण कधी? सगळ्यात मागची दुधाची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असते. चौथ्या वर्षी ती किडली तर पुढची सहा-सात वर्षं भाकरी तिच्यावरच चावायची आहे. खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागाही तीच राखून ठेवते.

दातात अळी वगैरे काही नसते. भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेतल्यावर जे 'किडे' पडलेले दाखवतात, ते बियांतूनच निघालेले असतात. खरं काम जिवाणूंचं, त्यांतला ठळक म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. साखर मिळाली की ते आम्ल तयार करतात. दातावरचा पीएच (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5च्या खाली गेला की वरच्या कवचातून कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटू लागतं. पुढे लाळ आम्ल शमवते आणि गेलेलं बरंचसं परत बसवते, पण त्याला वेळ लागतो. म्हणून गोड किती खाल्लं यापेक्षा कितीदा खाल्लं हे महत्त्वाचं. सकाळी चहा-बिस्किट, दुपारच्या उन्हात पेप्सीकोला, संध्याकाळी दाढेच्या खाचांत चिकटून बसणारे केळीचे वेफर्स आणि झोपताना बाटलीतलं गोड दूध, असा दिवस असेल तर लाळेला सवड मिळणार कधी?

बाळाचा वरचा ओठ उचलून उजेडात बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची सुरुवात. बाटलीवर झोपणाऱ्या बाळांचे वरचे पुढचे चार दात आधी जातात. खालचे जीभ आणि लाळेमुळे बहुधा वाचतात. खड्डा पडण्याआधी ही रेघ परतवता येते. दाताला फ्लोराइडचं वार्निश लावून घ्यायचं आणि घरी दोन वेळा फ्लोराइडची पेस्ट वापरायची: तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी. घासून द्यायचं मात्र मोठ्यांनीच.

खड्डा पडला तरी लगेच मशीन लावावंच लागतं असं नाही. किडीला साखर मिळू दिली नाही की ती मंदावते, बऱ्याचदा थांबतेही. 1980च्या दशकात टांझानियात एक पद्धत रुजली: मऊ झालेला भाग हाताच्या अवजाराने खरवडायचा आणि खड्डा ग्लास आयोनोमर सिमेंटने बुजवायचा. वीज लागत नाही, सुईचीही गरज क्वचितच पडते. नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरच्या शिबिरांसाठी मला तरी याहून सोयीचं काही दिसत नाही. स्कॉटलंडच्या दंतवैद्य नॉर्ना हॉल तर त्याहून पुढे गेल्या. कीड न कोरताच त्यांनी दाढेवर स्टीलची कॅप बसवली. आत कोंडलेल्या जिवाणूंची रसदच तुटते. सुरुवातीला चावताना कॅप उंच लागते, काही आठवड्यांत बसते.

तिसरा उपाय सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा. जपानमध्ये तो 1970पासून वापरात आहे आणि 2021मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आला. ओठांना व्हॅसलीन लावायचं, दात कोरडा करायचा आणि बारीक ब्रशने थेंबभर औषध मिनिटभर लावायचं, बस. चांदी जिवाणूंना मारते, फ्लोराइड दात कडक करतं. सहसा सहा महिन्यांनी पुन्हा लावतात.

मात्र किडलेला भाग कायमचा काळा पडतो. मागच्या दाढेवर कोणी बघत नाही, पण पुढच्या दातांवर लावायचं असेल तर डॉक्टरांनी आईबापांना आधीच सांगायला हवं. नंतर वरून सिमेंट लावून काळेपणा बराच झाकता येतो. रात्री ठणका लागत असेल, हिरडीवर पू धरलेली पुळी असेल किंवा गालावर सूज असेल, तर कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचलेली असते. तिथे यातलं काहीच चालत नाही. सूज असताना तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.