आईच्या साड्यांची गोधडी शिवायची की रजई?

दोन वर्षांपूर्वी आईच्या सहा सुती साड्या मी एके ठिकाणी गोधडी शिवायला दिल्या. महिन्याभराने जे हातात आलं ते दिसायला देखणं होतं. फुगीर, हलकं, मशीनवर मारलेली चौकड्यांची शिलाई. एक कोपरा उसवून पाहिला तर आत पांढरंशुभ्र पॉलिएस्टर! साड्या फक्त वरच्या अंगाला, त्याही तुकडे करून. फसवलं असं मी म्हणणार नाही. मी गोधडी म्हटलं आणि त्यांनी रजई शिवली. या दोन शब्दांतला फरक हल्ली शिवणाऱ्यालाही ठाऊक नसतो आणि शिवून घेणाऱ्यालाही.

फरक पोटात असतो. रजई म्हणा, दुलई म्हणा, तिला खोळ असते, आत पिंजलेला कापूस असतो आणि तो सरकू नये म्हणून वरून टाके असतात. ऊब कापसाची, कापडाचं काम त्याला धरून ठेवण्यापुरतं. गोधडीत भरण नसतंच. कापडावर कापड, त्यावर आणखी कापड, आणि सगळे थर एकमेकांना धावदोऱ्याने जखडलेले. ऊब त्या कापडांचीच. परदेशातल्या क्विल्टला आपण सर्रास गोधडी म्हणतो, पण तिच्याही मधे बहुधा भरणाचा थर असतो. म्हणजे अंगावर ठिगळं गोधडीची आणि पोट रजईचं. बंगालची कांथा किंवा कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायकांची कवंदी मात्र आपल्या गोधडीच्या सख्ख्या बहिणी.

म्हातारपणी मुलांसाठी काही मागे ठेवायचं म्हणून आपण शिवायला बसतो, तेव्हा हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. कापसाची रजई धुता येत नाही. तिला उन्हं दाखवायची. काही वर्षांनी कापसाचे गोळे झाले की खोळ उसवायची आणि कापूस पुन्हा पिंजून घ्यायचा. आमच्या लहानपणी धनुकली टणत्कारत पिंजारी दारावर यायचा, अंगणभर कापूस उडायचा आणि आम्हा पोरांना शिंकांवर शिंका. त्या वेळी जुनी खोळ विरली असेल तर फेकून नवी घालत. कापूस राहायचा, कापड जायचं. आता ज्या साडीसाठी हा सगळा खटाटोप तीच खोळ असेल तर?

गोधडीचं उलट. ती विरली की टाकत नाहीत, तिच्यावर नवा थर चढवतात. आजीच्या लुगड्यावर आईची साडी, तिच्यावर आपली. सगळ्यात जुनं कापड सगळ्यात आत. दिसत नाही, पण असतं.

हिशेबही सोपा आहे. नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. तिचे चार भाग केले आणि दोन-दोन शेजारी जोडले की गोधडीची वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू एकाच लुगड्यात निघतात. मधे जुनी धोतरं, चादरी, विरलेल्या साड्या. थर सरकू नयेत म्हणून आधी लांब-लांब कच्चे टाके घालायचे. मग आमच्याकडे कडेपासून सुरुवात करून चौकोनात आत-आत येत मधे थांबतात. समोर कुणी बसलं तर काम लवकर होतं आणि गप्पाही होतात. एकटीला मला एक गोधडी पूर्ण करायला अख्खा हिवाळा लागला. बोटं आता पूर्वीसारखी चालत नाहीत, सुई ओवायला नातवाला हाक मारावी लागते.

पण प्रत्येक साडी गोधडीत जात नाही. शंभरदा धुऊन मऊ पडलेली सुती सगळ्यांत चांगली. इरकल असेल तर उत्तमच. काठापदराची जर अंगाला टोचते, आणि जुनं रेशीम घडीवर चिरतं. पैठणीला सुई लावायच्या फंदात पडू नका, ती तशीच सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि अधूनमधून घडी बदला. नायलॉन-जॉर्जेटची अडचण वेगळी. ती टिकतात वर्षानुवर्षं, पण हातातून निसटतात आणि अंगावर घाम आणतात. माझ्या वयाच्या बायकांच्या आयांनी नेमक्या त्याच साड्या हौसेने नेसल्या! त्यांची रजईची खोळ करून घ्या, चांगली दिसते. तिथे रजईला माझा पूर्ण पाठिंबा.

लहानशी सुरुवात करायची असेल तर दुपटं शिवा. तान्ह्या बाळाला नवं कोरं कापड न घालता जुनं मऊ घालायचं, ही आपली जुनी रीत. पणजीच्या साडीची एक बाजू त्याला पुरते.

आतलं कापड दिसत नाही म्हणून एक काम शिवण्याआधीच उरका. थर एकावर एक पसरताना प्रत्येकाचा फोटो काढा. कोणतं कापड कुणाचं ते सुती पट्टीवर दोऱ्याने काढून मागच्या कोपऱ्यात टाचा; पेनची शाई धुण्यात जाते. माझ्या पट्टीवर चार नावं आहेत. त्या फसलेल्या रजईतून उसवून काढलेले आईच्या साडीचे चौकोन आता या गोधडीच्या पोटात आहेत, आणि पाचव्या नावासाठी मी वीतभर पट्टी कोरी सोडली आहे.