चार पासांत गोल: नियमांनी घडवलेलं हँडबॉलचं आक्रमण

हँडबॉलमधलं आक्रमण प्रशिक्षकांच्या कल्पनेपेक्षा नियमांनी जास्त बदललं आहे. गोलसमोरच्या ६ मीटर रेषेवर सहा बचावपटू भिंत धरतात. ती फोडण्यासाठी चेंडू पूर्वी निवांत फिरवता यायचा. २०१६ पासून, खेळ रेंगाळतोय म्हणून पंचाने हात वर केला की फटका मारण्याआधी फक्त सहा पास मिळू लागले. २०२२ पासून चारच मिळतात.

चार पास उरले की बहुतेक संघ लांबून घाईचा फटका मारतात. खरी चूक त्याआधीची असते: बॅक, म्हणजे मागून हल्ला चढवणारा आक्रमक, उभ्या-उभ्या चेंडू घेतो. चेंडू हातात असताना तीनच पावलं टाकता येतात. थांबून घेतला तर ती वेग पकडण्यातच संपतात. धावत घेतला तर दोन बचावपटूंमधल्या फटीत पडतात. २०२५ च्या विश्वचषकात सर्वोत्तम ठरलेला डेन्मार्कचा मथियास गिडसेल पाहावा. धिप्पाड नसूनही तो धावत्या वेगावर फट फोडतो.

सरावासाठी साधारण १० मीटर रुंदीत ३ विरुद्ध ३ खेळवावं, आक्रमकांपैकी एक पिव्होट, म्हणजे बचावाच्या भिंतीत शिरून उभा राहणारा. प्रशिक्षकाने न सांगता हात वर करायचा आणि तिथून पास मोजायचे. क्रॉसिंग, म्हणजे दोन आक्रमकांनी धावत एकमेकांची वाट छेदणं, ९ मीटर रेषेच्या बाहेरच व्हावं. फार आत झालं तर बचावपटू जागेवरूनच आपापले आक्रमक आपसांत बदलून घेतात.

सातवा आक्रमक, म्हणजे गोलरक्षकाला बाहेर बसवून उतरवलेला जादा खेळाडू, हा वेगळाच जुगार. २०१६ पासून गोलरक्षकाच्या जागी आलेल्या खेळाडूला गोलरक्षकाच्या रंगाची जर्सी घालावी लागत नाही, म्हणून ही चाल सोपी झाली. पण गोल रिकामा असताना चेंडू गमावला तर काय? गोलरक्षकाला परत आत यायची बदलीची जागा मध्यरेषेपासून ४.५ मीटरपर्यंतच असते. तिथून आपल्या गोलपर्यंत किमान १८ मीटर, म्हणजे जवळपास तीन सेकंद. प्रतिस्पर्ध्याने रिकाम्या गोलवर फेकलेला ताशी ७२ किलोमीटर वेगाचा चेंडू ३० मीटर अंतर दीड सेकंदात कापतो. शिवाय आधी आक्रमक बाहेर पडल्याशिवाय गोलरक्षकाला आत येता येत नाही. म्हणून बाहेर जाणारा खेळाडू बाकाच्या बाजूचाच असावा आणि तो आधीच ठरलेला असावा. सात जण असताना पिव्होटला गर्दीतून दिलेला पास हा सर्वांत महाग पास. त्यापेक्षा चेंडू झटपट उलट दिशेला फिरवून मोकळा विंग (कडेचा आक्रमक) शोधावा.

गोल खाल्ल्यावरची सुरुवातही आता वेगवान आहे. मोठ्या स्पर्धांत मध्यभागी ४ मीटर व्यासाचं वर्तुळ असतं आणि फेकणारा त्यात धावत असतानाही चेंडू टाकू शकतो. सरावात मात्र गोल झाला की सगळे थबकतात. तिथे गोल झाल्याक्षणी गोलरक्षकाने जाळ्यातला चेंडू थेट मध्यभागी फेकावा आणि खेळ तसाच पुढे चालू ठेवावा.